गव्हाची बिअर

गव्हाची बिअर : एकूण धान्यात गव्हाचा वाटा मोठा असलेली, बहुधा वर तरंगून अंबवणाऱ्या यीस्टने केलेली बिअर. हा वाटा साधारण तिसऱ्या हिश्शापासून 70 टक्क्यांपर्यंत असतो. जर्मनीत ‘वाइत्सन’ या नावाने विकायची तर निम्म्याहून कमी गव्हाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) चालत नाही. उरलेला वाटा जवाच्या (सातूच्या) माल्टचा. रंग फिका, किंचित गढूळ. फेस दाट आणि टिकाऊ. हॉप या वेलीच्या फुलांचा कडवटपणा अगदी कमी. मद्यांश साधारण 4.5 ते 5.5 टक्के असतो. माल्ट आणि यीस्ट बदलून या प्रकारात आज जगभर प्रयोग चालू आहेत. प्रस्तुत नोंदीत त्या प्रयोगांमागचे शास्त्र दिले असून खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) धान्य, पाणी आणि हवामान यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

उगम : गव्हापासून बिअर करण्याची प्रथा फार जुनी. मेसोपोटेमिया व ईजिप्त येथे जवाबरोबरच एमर हा सालयुक्त गहू बिअरसाठी वापरात होता. हा गहू म्हणजे आपल्याकडील खपलीचाच वर्ग. तापी खोऱ्यात सावळदा, प्रकाशे, बहाळ, कावठे येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहती उजेडात आल्या आहेत. शेजारच्या नर्मदाकाठी नावडातोली येथे गव्हाचे आणि दक्षिणेला घोडनदीकाठी इनामगाव येथे मुख्यतः जवाचे जळके दाणे मिळाले आहेत. दाणे आणि मोठे रांजण एकत्र मिळाले म्हणून तेथे बिअर होत असावी, असा तर्क काही वेळा केला जातो. तो स्वीकारण्याजोगा नाही. रांजणात धान्यही साठवतात आणि पाणीही. वैदिक वाङ्मयातील सुरेच्या कृतीत अंकुरित धान्य येते आणि अर्थशास्त्रात मेदक, प्रसन्ना ही मद्ये व ‘किण्व’ हे विरजण सांगितले आहे. परंतु त्या कृतींत भर तांदूळ, जव व उडीद यांवर आहे, गव्हावर नाही.

आजच्या गव्हाच्या बिअरचा धागा दक्षिण जर्मनीतील बव्हेरियापर्यंत सरळ नेता येतो, त्यापलीकडे मतभेद सुरू होतात. 1516 च्या बव्हेरियन आदेशाने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढेच घटक ठेवले. गहू भाकरीसाठी राखला जावा, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. मात्र बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेशाच्या) सीमेलगतच्या डेगेनबेर्ग घराण्याला गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क मिळाला. तो केव्हा, याबद्दल दोन साले सांगितली जातात : 1520 आणि 1548. पहिले साल लोकप्रिय लिखाणात अधिक आढळते. दुसऱ्याच्या बाजूने असे म्हणता येते की, ते विल्हेल्म चौथा या ड्यूकच्या कारकिर्दीशी आणि हान्स सहावा डेगेनबेर्ग याच्या नावाशी नेमके जोडलेले आहे. कदाचित आधी चालत आलेल्या वहिवाटीवर नंतर शिक्कामोर्तब झाले असेल. तसे असल्यास दोन्ही साले आपापल्या जागी बरोबर ठरतात. बिअरचा हा प्रकार मुळात बोहेमियातून आला, की बव्हेरियाच्या जंगलपट्टीतच घडला, हा दुसरा वाद. सीमेच्या दोन्ही बाजूंना गव्हाची बिअर होत होती आणि हक्क मिळालेले घराणे नेमके सीमेवरचे होते. त्यामुळे बोहेमियन उगमाकडे कौल झुकतो, एवढेच म्हणणे सुरक्षित.

पुढचा इतिहास अधिक स्पष्ट आहे. 1602 मध्ये डेगेनबेर्ग घराणे निर्वंश झाले आणि हक्क ड्यूक (पुढे इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) माक्सिमिलियन पहिला याच्याकडे आला. त्याने गव्हाच्या बिअरच्या सरकारी भट्ट्या उभारल्या आणि त्यांतून खजिन्याला मोठे उत्पन्न मिळू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मक्ता संपला. तोवर लोकांची आवडही ओसरली होती. 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर याने म्यूनिकमध्ये हा प्रकार पुन्हा उभा केला. बेल्जियममधील हूगार्डन गावची कच्चा गहू, धणे आणि संत्र्याची साल घातलेली बिअर विसाव्या शतकाच्या मध्यास बंद पडली होती. पिएर सेलिस याने 1960 च्या दशकाच्या मध्यास ती पुन्हा सुरू केली. बर्लिनची आंबट बिअर, लाइपझिगची मीठ व धणे घातलेली ‘गोझ’ आणि पोलंडमधील ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाची ‘ग्रोजिस्की’ हे याच कुळातील इतर प्रकार.

यीस्ट : या बिअरची ओळख गव्हापेक्षा यीस्टवर अधिक अवलंबून आहे. हे विधान अनेकांना उलटे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. एकाच वॉर्टचे (माल्ट भिजवून काढलेल्या गोड द्रवाचे) दोन भाग करावेत, एकात बव्हेरियन यीस्ट आणि दुसऱ्यात साधे अमेरिकन एल यीस्ट (वर तरंगून अंबवणारे, पण वेगळ्या वाणाचे) सोडावे. पहिल्याला केळ्याचा व लवंगेचा वास येतो, दुसरा भाग स्वच्छ, पावासारखा लागतो. धान्य मात्र दोन्हींत तेच. उलट, शंभर टक्के जवाच्या वॉर्टमध्ये बव्हेरियन यीस्ट घातले तरी केळे आणि लवंग हजर.

हे यीस्ट कोणते, याबद्दल बराच काळ घोळ होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बिअरविषयक लिखाणात त्याला ‘सॅकरोमायसीस डेलब्रुकी’, म्हणजे आजच्या वर्गीकरणातील टोरुलास्पोरा डेलब्रुकी, म्हटलेले आढळते आणि घरगुती बिअरच्या पुस्तिकांनी ते तसेच उचलले. टोरुलास्पोरा ही खरी, स्वतंत्र जाती आहे. तिच्यापासूनही फळांसारखा वास येतो, पण माल्टमधील मुख्य साखर असलेला माल्टोज तिच्या बऱ्याच वाणांना नीट पचत नाही. जनुकीय तपासणीत बव्हेरियन भट्ट्यांतील वाण सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, म्हणजे पावाच्या यीस्टच्याच जातीचे निघाले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिअर यीस्टच्या मोठ्या जीनोम (संपूर्ण जनुकसंच) अभ्यासात या वाणांचा जीनोम एकाहून अधिक वंशांतून आलेल्या तुकड्यांचा असल्याचे दिसले. बहुतेक माणसाळलेल्या बिअर यीस्टनी लवंगेचा वास निर्माण करण्याची क्षमता गमावली आहे. या वाणांत ती टिकून आहे. जुने नाव आजही कुठे कुठे छापले जाते, ते सोडून द्यावे.

लवंगेचा वास 4-व्हायनिलग्वायकॉल या फिनॉलचा. धान्याच्या पेशीभित्तीत बांधलेले फेरुलिक आम्ल मॅशिंगमध्ये (दळलेले माल्ट गरम पाण्यात भिजवताना) सुटते आणि यीस्टची पॅड-1 व एफडीसी-1 ही जनुके काम करत असतील, तर त्याचे या फिनॉलमध्ये रूपांतर होते. म्हणून दळलेले माल्ट प्रथम 43 ते 45° से. तापमानाला 15–20 मिनिटे ठेवतात. येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. अनेक प्रयोगांत गव्हाच्या माल्टपेक्षा जवाच्या माल्टमधून हे आम्ल अधिक सुटल्याचे दिसले आहे. म्हणजे गव्हाचे प्रमाण वाढवत नेले की लवंग वाढण्याऐवजी कमी होऊ शकते.

केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा (फळांसारखा वास देणाऱ्या संयुगाचा). पिकलेल्या केळ्याच्या वासातही हेच मुख्य संयुग असते. रावेर–यावलच्या पट्ट्यात, केळी पिकवण्याच्या बंद खोलीचे दार उघडताच अंगावर येणारा तो गोडसर, थोडा डोक्यात जाणारा दर्प ज्याने घेतला आहे, त्याला या बिअरमधला वास वेगळा शिकवावा लागत नाही. बिअरमध्ये दर लिटरला साधारण 1 मिलिग्रॅमच्या पुढे तो जाणवू लागतो. यीस्ट कमी प्रमाणात टाकणे, अंबवण्याचे तापमान 20° से.च्या वर ठेवणे, वॉर्टमध्ये ग्लुकोजचा वाटा वाढवणे आणि उंच टाकीऐवजी उथळ भांडे वापरणे यांमुळे तो वाढतो. उंच टाकीत तळाचा दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाढून एस्टर दबतात. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि या बिअरमध्ये प्रत्यक्ष केळे घालण्याची कल्पना साहजिकच पुढे येते. तिचा उपयोग बेताचा आहे : फळातला वास अंबवताना बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर बराचसा निघून जातो, स्टार्च व पेक्टिन मात्र उरतात आणि गढूळपणा वाढवतात.

माल्ट : गव्हाच्या दाण्याला मळणीनंतर साल राहत नाही. त्यामुळे तो पाणी लवकर पितो, आणि अंकुरण्याच्या वेळी कोंब उघडा राहून ढवळताना तुटतो. दाणे भिजवून ओलावा 44–45 टक्क्यांवर नेतात, 15–18° से. तापमानाला चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि हळूहळू तापवत 80° से.पर्यंत वाळवतात. खानदेशात कुरडयांसाठी गहू तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवला जातो. त्याला आंबूस वास येतो, दाणा बोटाने दाबताच पांढरा चीक बाहेर येतो, पण मोड येत नाहीत. कारण पाण्याखाली दाण्याला हवा मिळत नाही. माल्टसाठी मात्र सहा-आठ तासांनी पाणी काढून दाणे तेवढाच वेळ उघडे ठेवावे लागतात. कुरडईच्या गव्हातील आंबटपणा लॅक्टिक जीवाणूंचा असतो आणि बर्लिनच्या बिअरमधला आंबटपणाही याच गटातील जीवाणू देतात. कुरडया करणाऱ्या घरातील बाई केवळ वासावरून गहू ‘आला’ की नाही हे ओळखते. धान्य अंबवण्याचे हे ज्ञान माल्ट करणाऱ्याच्या ज्ञानाइतकेच मोलाचे आहे आणि त्याची नोंद फार कमी झाली आहे.

जुन्या मुंबई इलाख्यातील गव्हांपैकी बन्सी व बक्षी हे कठीण दाण्याचे (ड्युरम) आणि खपली ही सालयुक्त एमर वर्गातील. आता लोकवन, तसेच निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन असे मऊ पोळीचे वाण प्रचारात आहेत. यांपैकी प्रयोगाला सर्वांत योग्य खपली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिचे साल कांडपाशिवाय सुटत नाही, आणि हाच शेतकऱ्याच्या डोक्याचा ताप येथे गुण ठरतो : सालीसह माल्ट केल्यास कोंब झाकलेला राहतो, आणि पुढे गाळताना सालीचाच थर गाळणीचे काम करतो. बव्हेरियातही एमरची बिअर काही भट्ट्या करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 2971 हा खपलीचा बुटका वाण त्यासाठी तपासून पाहण्याजोगा आहे. बन्सीत प्रथिने अधिक आणि दाणा काचेसारखा, त्यामुळे मोड सावकाश व विषम येतात.

एप्रिल–मेमध्ये धाब्यावर किंवा गच्चीवर, कुरडया–पापडांसारखे उन्हात वाळवलेले माल्ट भट्टीवर वाळवलेल्या माल्टपेक्षा फिके राहते आणि त्यातील विकरे (एन्झाइम) शाबूत राहतात. चव मात्र थोडी हिरवट, काकडीसारखी येते. युरोपातही फिकट बिअरसाठी पूर्वी असे हवेवर वाळवलेले माल्ट वापरीत. अडचण ऋतूची आहे. मोड आणायला पौष–माघातील थंड रात्री हव्यात, वाळवायला चैत्र–वैशाखाचे ऊन. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. म्यूनिक, कॅरामल, भाजलेला गहू ही रंगीत माल्टे 5 ते 15 टक्क्यांपर्यंत मिसळली की गडद ‘डुंकेल’ प्रकार होतो. त्याहून अधिक घातल्यास यीस्टचा वास झाकला जातो.

मॅशिंग व पाणी : सालविरहित गहू निम्म्याहून अधिक असला की गाळताना लगदा घट्ट बसतो. त्यासाठी धान्याच्या सुमारे 5 टक्के भाताचे तूस मिसळतात. भातपट्ट्यातील नवापूरच्या गिरण्यांमध्ये ते मिळू शकते. फेरुलिक आम्लाचा टप्पा झाल्यावर 63° आणि नंतर 72° से. तापमानाला स्टार्चची साखर होते. काळ्या कातळातील विहिरींचे पाणी बहुधा बायकार्बोनेटयुक्त असते आणि फिक्या माल्टची आम्लता त्यापुढे अपुरी पडते. पाणी उकळून, निवळून घेणे किंवा थोडे लॅक्टिक आम्ल घालून सामू 5.2 ते 5.5 वर आणणे आवश्यक ठरते. तापीकाठच्या दादर ज्वारीचे माल्ट मिसळायचे झाल्यास तिचा स्टार्च गव्हापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला फुगतो, म्हणून ती वेगळी शिजवून घ्यावी लागते.

उष्ण हवामान : भुसावळ–जळगावकडे मे महिन्यात पारा 44–45° से.वर जाणे नवलाचे नाही. बव्हेरियन यीस्ट 25° से.च्या पुढे रंग-रोगणासारखा वास व जड अल्कोहोले देऊ लागते. त्याला शीतकरणाशिवाय येथे हिवाळ्याचे दोन-अडीच महिनेच मानवतील. नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ यीस्ट मात्र 30 ते 40° से. तापमानाला स्वच्छ अंबवते आणि वाळवून ठेवले तरी जिवंत राहते. त्याच्या बहुतेक वाणांत लवंगेचे फिनॉल तयार होत नाही. वास संत्र्याच्या अंगाने जातो. अशा बिअरला बव्हेरियन म्हणता येणार नाही, पण हवामानाशी भांडण न करता केलेली ती प्रामाणिक गव्हाची बिअर ठरेल. ब्रेटॅनोमायसीस हे 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत नाव मिळालेले यीस्टही प्रयोगांत वापरतात. त्याला महिनोन्‌महिने लागतात.

कायदा : महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि घरगुती वापरासाठी केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. त्यामुळे यीस्टचे प्रयोग परवानाधारक लहान भट्टीतच शक्य आहेत. पुण्यात अशा भट्ट्या 2009 पासून सुरू झाल्या. माल्ट करणे हा मात्र धान्यप्रक्रियेचा भाग आहे. गाळून उरलेला चोथा गुरांना चालतो; ओला असल्याने उन्हाळ्यात तो एका दिवसातच आंबतो, म्हणून त्याच दिवशी घालावा किंवा पसरून वाळवावा.