दहा मायक्रॉनचं कडं

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला गेलात तर मोर दिसतातच. तिथं सापडलेलं एक पीस माझ्या टेबलावर असतं. उन्हात ते निळं-हिरवं झळाळतं, पण खिडकीकडे धरून आरपार पाहिलं की नुसतं तपकिरी. निळं रंगद्रव्य त्यात नाहीच. आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांतलंच. त्याच्या कांड्या साधारण १५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतरानं ओळीत रचलेल्या असतात आणि ही रचना ठरावीक रंगच परत पाठवते. पीस भिजलं की हे रंग जातात, हे रॉबर्ट हूकनं १६६५ मध्येच नोंदवलं होतं. कांड्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि सगळं गणित बदलतं.

पदार्थ कोणता, याइतकंच त्याला आकार कसा दिला यावर प्रकाशाचं वागणं ठरतं. १९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे हेच सूत्र पुढं नेलं आणि फोटॉनिक क्रिस्टलचं, म्हणजे ठरावीक अंतरानं केलेल्या बारीक रचनेतून प्रकाशाला आवर घालणाऱ्या पदार्थांचं, दालन उघडलं. मी त्याच क्षेत्रात विजेऐवजी प्रकाश खेळवणाऱ्या चिपचं डिझाइन करतो.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करायचे. दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, टॉलरन्समध्ये (चालू शकणाऱ्या चुकीत) जॉब काढणं ही त्यांची शान. मी डिझाइन करतो ते सिलिकॉनचं अख्खं कडंच दहा मायक्रॉन व्यासाचं! केसाच्या जाडीत अशी पाच-सात कडी शेजारी शेजारी मावतील. कड्याची पट्टी जेमतेम ५०० नॅनोमीटर रुंद. ज्या तरंगलांबीच्या लाटा कड्याच्या घेरात पूर्ण संख्येनं बसतात, तेवढाच प्रकाश त्यात घुमत राहतो. एकाच फायबरमधून आलेल्या अनेक तरंगलांब्यांतून नेमकी हवी ती वेगळी काढायला हे कडं कामाला येतं.

गोम रुंदीत आहे. पट्टी एक नॅनोमीटरनं चुकली, तर कड्याची तरंगलांबीही साधारण तेवढीच सरकते. इंटरनेटच्या फायबरमध्ये शेजारच्या दोन चॅनेलमध्ये, म्हणजे वेगवेगळे संदेश नेणाऱ्या दोन तरंगलांब्यांमध्ये, बऱ्याचदा ०.८ नॅनोमीटरच अंतर असतं. म्हणजे संदेश चक्क शेजाऱ्याच्या घरी! माझी पहिली चिप अशीच आली. सहा महिने सिम्युलेशन केलं होतं, आलेख डोळ्यांसमोर पाठ होता, आणि मोजणीच्या टेबलावर एकही कडं जागेवर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपाय उष्णतेचा आहे. सिलिकॉन तापलं की त्याचा अपवर्तनांक वाढतो, म्हणजे प्रकाश त्यातून आणखी संथ जातो; अंशामागं सुमारे ०.०८ नॅनोमीटर तरंगलांबी पुढं सरकते, मागं नाही. म्हणून कडं मुद्दाम थोडं अलीकडच्या तरंगलांबीला ठेवायचं, वर धातूची बारीक तार बसवायची आणि वीज सोडून त्याला जागेवर आणायचं. या उष्णतेला वीज लागते, आणि ती कमी करणं हाच आज आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली. म्हणाले, ''बेअरिंग पण आपण तापवूनच बसवतो की.''