नागपूरचा उन्हाळा, दोन थर्मामीटर आणि एक ओली वात

३० मे २०२४ ला नागपूरकरांच्या मोबाईलवर एक आकडा धडाधड फिरला: ५६ अंश सेल्सिअस. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तो नोंदवला होता. जगातलं आजवरचं अधिकृत सर्वोच्च तापमान ५६.७ अंश आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतलं, १९१३ सालचं. भारतातला विक्रम ५१ अंशांचा, राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६ मधला. म्हणजे त्या दुपारी आपण फलोदीला पाच अंशांनी मागे टाकून थेट डेथ व्हॅलीच्या पंगतीत बसलो होतो! त्याच दिवशी जिल्ह्यातली दुसरी केंद्रं मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. हवामान खात्यानं तपासणी करून सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. पण बातमी जितकी फिरते तितका खुलासा कधीच फिरत नाही, त्यामुळे "आमच्याकडे छप्पन्न झालं होतं" हे वाक्य अजून ऐकू येतं.

हा आकडा पटण्यासारखा नाही, हे आठवीतल्या पोरालाही सांगता यायला हवं होतं. एकाच गावात, एकाच वेळी, दोन ठिकाणच्या हवेत १२ अंशांचा फरक पडत नाही. आणि थर्मामीटर हवेचं तापमान सांगतच नाही, तो फक्त स्वतःचं सांगतो. उन्हात ठेवला तर सूर्यकिरणं शोषून तो हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि तेवढा आकडा दाखवतो. म्हणून तर हवामान खात्याचे थर्मामीटर पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतात. पार्किंगमधल्या कारच्या डॅशबोर्डवरचा ४९ हा आकडा कारचा असतो, नागपूरचा नव्हे.

आपल्या शाळांची विज्ञान प्रदर्शनं भरतात हिवाळ्यात. तेव्हा तापमानवाढ हा विषय थर्माकोलच्या पृथ्वीला ताप आणून आणि तोंडात थर्मामीटर खुपसून उरकला जातो. शेजारच्या टेबलावर व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी फसफसत असतोच. यात मुलांचा दोष नाही. मोजण्यासारखं ऊन असतं तेव्हा शाळेला सुट्टी असते. पण मे महिन्यात घरी बसलेल्या नागपूरच्या मुलाइतकी चांगली प्रयोगशाळा पुण्या-मुंबईच्या मुलाला मिळणार नाही, आणि त्या प्रयोगशाळेतलं मुख्य यंत्र, म्हणजे कूलर, प्रत्येक खिडकीत घरघरत असतं.

प्रयोग असा. सारखे दोन थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतात का ते पाहा. एक अंशाचा घोळ निघाला तर तो वहीत लिहून ठेवा. आता एकाच्या फुग्याला, म्हणजे खालच्या टोकाच्या गोळीला, जुन्या सुती बनियनची, खळ जाईपर्यंत उकळलेली चिंधी गुंडाळा आणि तिचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा, दिव्याच्या वातीसारखं. पाणी बोअरचं नको. त्यातले क्षार वातीवर साचतात आणि बाष्पीभवन मंदावतं. दोन्ही थर्मामीटर सावलीत शेजारी शेजारी टांगा, समोरून टेबल फॅनचा झोत सोडा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर कोरडा थर्मामीटर ४४ दाखवेल आणि ओला २३ च्या जवळपास. एकाच हवेत, हाताच्या अंतरावर, २१ अंशांचा फरक! बाटलीतलं पाणी आधी ३५ अंशांचं असलं तरी ओला तिथेच येऊन थांबेल.

हे कसं होतं, ते जरा सावकाश पाहू. पाण्यातले सगळे रेणू सारख्या वेगानं धावत नाहीत. पृष्ठभागावरचे जे सर्वांत वेगवान, ते शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. वेगवान निघून गेले की उरलेल्यांचा सरासरी वेग कमी होतो, आणि सरासरी वेग कमी होणं म्हणजेच थंड होणं. एक ग्रॅम पाणी असं उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, म्हणजे हा व्यवहार साडेपाच पटींहून मोठा.

मग वात थंड होत होत शून्याला का जात नाही? कारण ती हवेपेक्षा थंड झाली की हवेतून उष्णता तिच्याकडे वाहू लागते. वात जितकी थंड, तितका हा ओघ मोठा. शिवाय थंड पाण्यातून निसटणारे रेणू कमी, आणि हवेतल्या बाष्पाचे काही रेणू परत वातीवर येऊन चिकटतात, ते वेगळेच. एका क्षणी बाष्पीभवनानं जाणारी उष्णता आणि हवेतून येणारी उष्णता सारखी होते. तिथे आकडा थांबतो. त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हवा कोरडी असेल तर परत येणारे रेणू थोडे, म्हणून घसरण मोठी. हवेत बाष्प भरपूर असेल तर जाणारे जवळपास तितकेच परत येतात आणि दोन्ही थर्मामीटर जवळ येतात.

आता कूलरकडे वळू. कूलरची ताटी, म्हणजे पाण्यानं भिजणारी बाजूची जाळी, ही हीच ओली वात, फक्त मोठी. त्यामुळे कूलरची हवा ओल्या फुग्याच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. घरगुती कूलर कोरड्या आणि ओल्या आकड्यांमधल्या फरकाचा साधारण ६० ते ८० टक्के पल्ला गाठतो. ७० टक्के धरा: मे महिन्यात ४४ ची हवा २९ वर येते. जुलैत हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ७५ टक्के असली, तर ओला थर्मामीटर २९ वर, म्हणजे फरक फक्त चार अंशांचा. कूलर त्यातून तीन अंश काढतो आणि खोली ३० वर येते. २९ आणि ३० मध्ये काय एवढं? पण मे महिन्यातल्या त्या थंड झोतात आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते, जुलैतल्या झोतात ९० च्या वर. "पावसाळ्यात कूलर चिकचिक करतो" या घराघरातल्या तक्रारीचं गणित एवढंच आहे.

मला यातलं सर्वांत आवडतं निरीक्षण पुढचं आहे. तेच दोन थर्मामीटर कूलरच्या झोतासमोर धरा. कोरडा धाडकन खाली येईल. ओला मात्र जिथे बाहेर होता, जवळजवळ तिथेच राहील! कारण कूलर घरातली उष्णता बाहेर फेकत नाही; ते काम एसी करतो. कूलर हवेतली उष्णता बाष्पात दडवतो. हवेचं तापमान उतरतं, बाष्प वाढतं, आणि दोन्ही मिळून हिशेब तेवढाच राहतो. आता खिडक्या-दारं बंद करून कूलर आतल्या आत फिरवा: ओला थर्मामीटर हळूहळू चढायला लागेल, कारण बाष्पाला बाहेर वाट नाही आणि भिंती-माणसं उष्णता टाकतच असतात. "कूलर लावलाय तर दार उघडं ठेव गं" असं आजी म्हणते ते याचसाठी.

कूलरच्या टाकीत बर्फ टाकला की एसीसारखा गारवा मिळतो, ही जाहिरातीतली थाप मुलांना स्वतः तपासता येईल. तासाला दोन हजार घनमीटर हवा १५ अंशांनी थंड करायची तर साधारण १३ लिटर पाणी उडावं लागतं. पाच किलो बर्फ वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता शोषतो, तेवढी हा कूलर नुसत्या बाष्पीभवनानं चारेक मिनिटांत शोषतो. बर्फ रसवंतीवाल्याकडेच राहू द्यावा.

नवतप्याचंही तसंच. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला म्हणून २५ मेपासून नऊ दिवस आग ओकतो, असं दरवर्षी चॅनलवाले सांगतात. नागपूर २१.१ उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवशी अंगणात काठी रोवून बघावं. पण तोच सूर्य १७ जुलैच्या सुमारास पुन्हा तसाच डोक्यावर येतो, तेव्हा कुणी आगीचं नाव काढत नाही. मधल्या काळात ढग आले, जमीन ओली झाली, आणि उन्हाची बरीचशी उष्णता माती तापवण्याऐवजी पाणी उडवण्यात खर्च होऊ लागली. नक्षत्राचं श्रेय खरं म्हणजे कोरड्या जमिनीला द्यायला हवं.

आपलं शरीरही ओल्या वातीवरच चालतं. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते आणि घाम उडून ती थंड राहते. ओल्या फुग्याचं तापमानच ३५ वर गेलं तर घाम कितीही आला तरी उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी ती माणसाची मर्यादा मांडली. पुढे अमेरिकेत तरुण, धडधाकट लोकांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागतो असं दिसलं. आता हे दोन दिवस शेजारी ठेवा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता: ओला थर्मामीटर २३. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रता: ओला ३० च्या वर. मथळा पहिल्याला मिळतो, घामाची वाट दुसरा अडवतो. पहिला दिवस सुरक्षित आहे असं नव्हे. त्यात घाम दिसायच्या आत उडून जातो आणि पाणी-मीठ किती गेलं ते कळत नाही. विदर्भात उष्माघातानं माणसं दगावतात ती अशा कोरड्या उन्हातही. खिशातल्या कांद्याचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही. तो कोशिंबिरीत घालावा, आणि सोबत पन्हं प्यावं.

करायला आणखी बरंच आहे. टिनाच्या छपराखालची खोली, स्लॅबची खोली, सिमेंट रोडच्या कडेचं दुकान, तेलंगखेडीतल्या झाडांची सावली: चारही ठिकाणी एकाच वेळी दोन्ही आकडे घेतले तर वही भरेल. झाडाखाली कोरडा थोडा उतरेल, ओला फारसा हलणार नाही, आणि तरी बरं वाटेल. कारण झाड आधी अंगावरचं ऊन अडवतं. ते ऊन सावलीतल्या थर्मामीटरला दिसतच नाही. मग कूलरच्या पाण्याचा हिशेब. आपल्या कूलरच्या टाकीत सकाळी किती पाणी भरलं, संध्याकाळी किती उरलं, गल्लीत कूलर किती, असा गुणाकार मुलांनी केला, तर पेंच आणि कन्हानहून येणारं पिण्याचं पाणी मे महिन्यात हवेत किती जातं याचा त्यांचा स्वतःचा अंदाज निघेल. पुस्तकात तो छापलेला नसेल.

रोज दुपारी एकाच वेळी दोन्ही आकडे वहीत लिहीत गेलात, तर जूनच्या मध्यावर, मान्सून नागपुरात पोहोचण्याच्या आसपास, त्यांच्यातला फरक झपाट्यानं कमी होताना दिसेल. तो चार-पाच अंशांवर येऊन तिथेच राहिला की कूलरच्या ताट्या काढून वाळवा आणि टाकी पुसून कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.