निर्देशोच्चार

निर्देशोच्चार : कृती करण्यापूर्वी संबंधित वस्तूकडे बोट दाखवून तिची स्थिती मोठ्याने उच्चारण्याची, जपानी रेल्वेत रूढ झालेली, चूक टाळण्याची पद्धती. जपानी भाषेत तिला ‘शिसा कांको’ म्हणतात.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. प्रचलित कथेनुसार मेइजी काळाच्या (१८६८–१९१२) अखेरीस कोबे रेल्वे विभागातील होरी यासोइची हा दृष्टी मंदावलेला इंजिनचालक सिग्नलची स्थिती फायरमनला (इंजिनात कोळसा घालणाऱ्या सहकाऱ्याला) पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेई आणि त्याची ही सवयच वरिष्ठांनी नियम म्हणून उचलली. कथा हृद्य आहे. परंतु त्याच विभागाच्या १९१३ च्या सुमाराच्या नियमपुस्तिकेतील पद्धत ‘कांको ओतो’, म्हणजे हाक आणि प्रतिसाद, अशी असून बोट दाखवण्याची जोड तिला पुढे मिळाली. त्यामुळे ही पद्धती एकाच्या सवयीतून पूर्णरूपाने अवतरली नसून टप्प्याटप्प्याने घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रोजच्या वाटेवरचा सिग्नल हिरवाच असणार असे मन गृहीत धरते आणि डोळ्यांसमोरचा पिवळा दिवाही नजरेतून निसटतो. हात, वाणी व कान कामाला लावल्याने ही गृहीत धरण्याची घाई थोपवली जाते. जपानच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेच्या १९९४ मधील प्रयोगात एरवी १०० कृतींमागे २.३८ चुका झाल्या. केवळ उच्चाराने त्या १.०, केवळ निर्देशाने ०.७५ आणि दोहोंनी ०.३८ वर आल्या. प्रयोग साध्या कामावरचा असल्याने हे प्रमाण धावत्या इंजिनाला जसेच्या तसे लावता येणार नाही.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९९६ पासून गाडीच्या मध्यावर असणारा कंडक्टर दारे उघडण्यापूर्वी फलाटाच्या मध्यावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो. फळी समोर आली नसेल, तर गाडी फलाटाला नीट लागलेली नसते.

भारतीय रेल्वेच्या साधारण नियम ३.८३ नुसार लोको पायलट (इंजिनचालक) व सहायक लोको पायलट यांनी सिग्नल दिसताच तो ओळखून त्याची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगायची असते. हे जुन्या ‘कांको ओतो’ला जवळचे आहे. अतिपरिचयाने उच्चार नजरेच्या आधीच तोंडातून निघू लागतो, हा या साऱ्या पद्धतींचा खरा धोका होय. म्हणूनच सहायकाने ऐकलेले शब्द परत म्हणणे पुरेसे नसून सिग्नल स्वतः पाहूनच उच्चारणे अत्यावश्यक ठरते.