पर्मियनच्या अखेरीस समुद्र कसा गुदमरला

सुमारे 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंड संपताना, समुद्रातल्या दर दहा प्रजातींपैकी आठ-नऊ कायमच्या गेल्या. सायबेरियात तेव्हा प्रचंड प्रमाणात लाव्हा ओसंडत होता, पण समुद्री जीव लाव्हाने मेले नाहीत. त्यासोबत निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी तापले आणि त्या पाण्यात ऑक्सिजन पुरेना.

शून्य अंशाला एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 11.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना जेमतेम 6.2. उलट तापमान 10 अंशांनी चढले, की थंड रक्ताच्या जीवांची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुपटीला जाते. शिवाय वरचे गरम पाणी हलके असल्याने खाली बुडत नाही, म्हणून खोल पाण्याला ताजा ऑक्सिजन मिळत नाही. मग तळाच्या गाळात लोहाने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो, त्यावर शैवाल फोफावते, आणि ते मेल्यावर कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. शेवटी सल्फेटवर जगणारे जीवाणू विषारी हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. पावसाळा संपता संपता भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, तळाजवळ, हा वायू आजही आढळला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तशा नोंदी केल्या आहेत.

इतक्या जुन्या पाण्यात ऑक्सिजन किती होता, हे चुनखडीतल्या युरेनियमवरून कळते. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळलेले राहते. ऑक्सिजन नसेल तिथे ते गाळात बसते, आणि त्यात जड युरेनियम-238 थोडे जास्त जाते. पाण्यात उरलेल्या हलक्या युरेनियम-235चा वाटा किंचित वाढतो आणि त्या पाण्यात बनणाऱ्या चुनखडीत तो उतरतो. युरेनियम समुद्रात लाखो वर्षे टिकते, तोवर पाणी जगभर मिसळून जाते. त्यामुळे एका जागचा खडक साऱ्या महासागराबद्दल बोलतो. ही या पद्धतीची मोठी ताकद. मात्र नंतर झिरपलेल्या पाण्याने खडक पालटला असेल, तर आकडे फसवे निघतात. म्हणून दूरदूरच्या ठिकाणचे नमुने जुळतात का, हे पाहावेच लागते. स्थानिक पुरावा पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज देते: पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड असेल तर पायराइटचे रासबेरीसारखे गोळे फार वाढत नाहीत, सरासरी 5 मायक्रॉनच्या आतच राहतात.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रारूपात उष्ण कटिबंधातला समुद्र सुमारे 10 अंशांनी तापला, आणि महासागराने तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऑक्सिजन गमावला. केवळ एवढ्याने निम्म्याहून अधिक संहाराचा उलगडा होतो. या प्रारूपाचे भाकीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: सर्वाधिक हानी विषुववृत्तापाशी नव्हे, ध्रुवांकडे व्हायला हवी. उष्ण पाण्यातल्या प्रजातींना कमी ऑक्सिजनची आधीच सवय होती, आणि त्यांना ध्रुवांकडे सरकताही येत होते. थंड पाण्यातल्यांना सरकायला जागाच नव्हती. जीवाश्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नेमका हाच कल आढळला.