सायकल शर्यत टीव्हीवर कुठे दिसेल? पैसे भरण्याआधी वाचा

आम्ही टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि इंटरनेट जोडून देतो. जुलै जवळ आला की ग्राहक विचारतात, "टूर द फ्रान्स का दिसत नाही? बॉक्स बिघडलाय का?" बहुतेक वेळा बॉक्स ठीक असतो; शर्यतीचे प्रक्षेपण हक्क दुसऱ्या वाहिनीकडे गेलेले असतात.

टूर, म्हणजे फ्रान्समधली ही सायकल शर्यत, १९०३ साली सुरू झाली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ती बघायला आजही तिकीट लागत नाही. टीव्हीवर ती फुकट दिसणार की नाही, हे मात्र तुम्ही कोणत्या देशात आहात त्यावर ठरतं, कारण हक्क देशागणिक विकले जातात. फ्रान्समध्ये फ्रान्स टेलिव्हिजन्स ही सार्वजनिक वाहिनी टूर विनामूल्य दाखवते. ब्रिटनमध्ये आयटीव्ही४ वर ती २०२५ पर्यंत फुकट होती. २०२६ पासूनचे हक्क टीएनटी स्पोर्ट्स या सशुल्क वाहिनीच्या मालकांनी घेतले. त्याआधीच, फेब्रुवारी २०२५ अखेर, तिथली युरोस्पोर्ट ही क्रीडावाहिनी बंद झाली, तिच्यावरच्या इतर शर्यती टीएनटी स्पोर्ट्सवर गेल्या आणि त्यांच्यासाठी महिन्याला ६.९९ पौंडांऐवजी ३०.९९ पौंड मोजायची वेळ आली.

युरोपीय संघाच्या कायद्यानुसार सदस्य देशाला महत्त्वाच्या स्पर्धांची यादी करून त्या सर्वांना विनामूल्य दिसाव्यात अशी सक्ती करता येते. इटलीच्या यादीत जिरो दितालिया ही तिथली सायकल शर्यत आहे, बेल्जियमच्या यादीत तिथली टूर ऑफ फ्लँडर्स. ब्रिटनचीही स्वतःची यादी आहे, पण तीत टूर द फ्रान्स नाही. ती असायला हवी, असं आमचं ठाम मत आहे. सायकल संघांना स्टेडियम नसतं, तिकीटविक्री नसते. ते चालतात प्रायोजकांच्या पैशावर, आणि प्रायोजक येतात ते जर्सीवरचं नाव लाखोंना दिसतं म्हणून.

पैसे भरण्याआधी शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या देशातली वाहिनी बघा. जिरो, टूर आणि स्पेनची व्हुएल्टा या तिन्ही शर्यती एकाच ठिकाणी दिसतील असं गृहीत धरू नका. फक्त टूर बघायची असेल तर ती तीन आठवड्यांची, म्हणून वर्षाऐवजी महिन्याची वर्गणी मिळते का ते विचारा. सेवा अचानक बंदही पडतात: इंटरनेटवरून शर्यती दाखवणारी, सायकलप्रेमींची लाडकी जीसीएन प्लस डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. थेट प्रक्षेपण परवडत नसेल तर ठळक क्षणचित्रं कोण विनामूल्य दाखवतं, तेही तपासा. महिलांच्या टूरची चौकशी वेगळी करा.

आता चित्र अडकण्याबद्दल. शर्यतीत कॅमेरा मोटरसायकलवर असतो. मागे बसलेला कॅमेरामन चित्रण करतो, तो सिग्नल वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे किंवा विमानाकडे जातो आणि तिथून अंतिम रेषेजवळच्या प्रक्षेपण वाहनात उतरतो. दाट झाडी किंवा बोगदा आला की चित्राचे चौकोन होतात. हवामान फार बिघडून विमानं उडू शकली नाहीत, तर बराच वेळ फक्त अंतिम रेषेचं चित्र दिसतं. तेव्हा बॉक्स उघडू नका, तारा ओढू नका. आधी दुसरी वाहिनी लावून बघा. ती नीट दिसली तर अडचण बहुधा डोंगरातल्या पावसाची आहे. तीही अडकत असेल तर आम्हाला फोन करा.