मांडवीवर सरकता पट्टा टाकला तर?

सकाळी नऊच्या सुमारास पर्वरीचा उतार उतरून पुलाच्या तोंडाशी अडकलं की कुणालाही काहीबाही सुचतं: उडती टॅक्सी, नदीखालून बोगदा. असल्या कल्पना गोव्याला नव्या नाहीत. कोकण रेल्वेच्या बी. राजाराम यांनी मडगावात 'स्कायबस' प्रत्यक्ष उभी केली होती. रस्त्याकडेला खांब, खांबांच्या माथ्यावर रूळ आणि त्या रुळांखाली टांगलेला डबा. 25 सप्टेंबर 2004 रोजी चाचणीत डबा खांबावर आदळला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. पुढे प्रकल्प गुंडाळला आणि सांगाडाही उतरवला.

अशा कल्पनेला हसण्याआधी एक हिशेब करावा. एका जागी उभं राहून तासाभरात किती माणसं पुढे सरकली, एवढंच मोजायचं. एका पदरात दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर धरलं, तर तासाला 1800 गाड्या जातात. गाडीमागे दीड माणूस धरा, झाली 2700 माणसं. वेग वाढवला तरी हा आकडा फारसा हलत नाही, कारण वेगाबरोबर दोन गाड्यांतली मोकळी जागाही वाढवावी लागते. बरं, गाड्या दाटीने सोडाव्यात तर वाटेत काही आडवं नसतानाही कोंडी होते. जपानी संशोधकांनी 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. थोड्याच वेळात एक घोळका थांबला आणि ती थांबण्याची लाट उलट दिशेने मागे मागे सरकू लागली. हा प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला.

उडत्या टॅक्सीचं काय? एका तळावर दर अर्ध्या मिनिटाला एक उतरली (मी फारच उदार होतोय) आणि प्रत्येकीत चौघे असले, तरी तासाला 480. आपल्या फेरीबोटीने हसावं असा आकडा.

आता सरकता पट्टा घ्या. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात असा रस्ता खरोखर होता: शेजारी शेजारी दोन पट्टे, एक साधारण ताशी 4 किलोमीटरचा, दुसरा 8 चा. आधी संथ पट्ट्यावर पाय टाकायचा, मग वेगवान पट्ट्यावर. पट्ट्यात गाड्यांसारखी मोकळी जागा सुटत नाही, सगळी खुबी तिथेच आहे. एक मीटर रुंद पट्टा, चौरस मीटरला दोन माणसं, ताशी 8 किलोमीटर वेग: तासाला 16,000 माणसं! पणजी ते मडगाव जायला मात्र चार तास लागतील, तेव्हा तो नाद सोडा. पण मांडवी ओलांडायला एक किलोमीटरचा पट्टा धरला तरी साडेसात मिनिटं.

खरी गोची चढण्या-उतरण्याची. पॅरिसच्याच मोंपार्नास स्टेशनात वेगवान पट्टा बसवला होता. लोक तोल जाऊन पडू लागले, वेग कमी करावा लागला आणि शेवटी 2011 मध्ये तो काढून टाकला. म्हणून मला जुनी दोन पट्ट्यांची युक्तीच बरी वाटते. मासळीची पाटी घेतलेल्या बाईलाही जमेल. जूनच्या तिरक्या पावसासाठी वर छप्पर आणि बाजूला आडोसा हवा, तेही होईल.

अडतं ते अलीकडच्या काठावर. पट्ट्यावर येणाऱ्यांपैकी 10,000 जणांनी स्कूटर आणली आणि एकीला दोन चौरस मीटर दिले, तर दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर जागा लागते. ये-जा करायच्या वाटा वेगळ्याच. बेतीच्या चढावर एवढी सपाट जमीन कोण देतंय?