कॅलेंडर सिंक

वेब अ‍ॅपमधले कॅलेंडर आणि मेल सर्व्हरवरचे कॅलेंडर यांतील नोंदी आपोआप जुळत्या ठेवण्याची व्यवस्था. अ‍ॅपमध्ये ठरवलेली मीटिंग मोबाइलवर दिसते आणि मोबाइलवर पुढे ढकललेली मीटिंग अ‍ॅपमध्येही सरकते, ती या व्यवस्थेमुळे.

नोंद लिहिण्याचा सर्वमान्य नमुना म्हणजे आयकॅलेंडर. तो १९९८ मध्ये आला. २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने त्याची सुधारित आवृत्ती दिली. सर्व्हरवरच्या नोंदी वाचण्या-लिहिण्यासाठीचा कॅलडॅव्ह हा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची ठरलेली पद्धत, २००७ चा. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज मात्र कॅलडॅव्हला दाद देत नाही. तिथे मायक्रोसॉफ्टचेच एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलण्याचे ठरलेले मार्ग, वापरावे लागतात.

सगळी भिस्त असते ती यूआयडी या प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र ओळखीवर. नोंदीचे नाव, वेळ, जागा काहीही बदलले तरी यूआयडी बदलता कामा नये. अ‍ॅपने दर सिंकला नवा यूआयडी दिला, की एकच मीटिंग दोनदा, तीनदा दिसू लागते. यूआयडीच्या जोडीला सर्व्हर प्रत्येक नोंदीला ईटॅग, म्हणजे तिच्या आवृत्तीची खूण, देतो आणि नोंद बदलली की तोही बदलतो. अ‍ॅपने आपल्याकडचा ईटॅग सोबत पाठवून ‘हाच असेल तरच बदल’ अशी अट घालायची. दरम्यान कोणी नोंद बदललेली असेल, तर सर्व्हर ४१२ हा कोड देऊन नकार देतो. ही अट न घालता लिहिणारे अ‍ॅप दुसऱ्याचा बदल गुपचूप पुसून टाकते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी कसोटी वेळेची. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ च्या मीटिंगला पुण्यातली टीम उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ला बसते, हिवाळ्यात ७:३० ला. दर आठवड्याची अशी मीटिंग नुसत्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली, तर तिकडची घड्याळे ऋतूनुसार तासभर पुढे-मागे होताच ती तासाने चुकते. म्हणून न्यूयॉर्कचे टाइम झोनही नोंदीत हवे. पूर्ण दिवसाच्या नोंदीचे उलट आहे: तिथे फक्त तारीख ठेवायची. गणेश चतुर्थीची सुट्टी ‘भारतातील रात्रीचे १२’ अशी धरून यूटीसीत नेली, तर ती आदल्या दिवशीचे १८:३० होते आणि सुट्टी एक दिवस आधीच लागते.